प्रोसेसर बदलल्यावर लॅपटॉप तापतो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच पिढीचा अधिक ताकदीचा प्रोसेसर बसवून घेणाऱ्या वाचकांची पत्रे कोकण किनारपट्टीवरून सतत येत असतात आणि उन्हाळ्यात त्यांत भर पडते. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. गुहागरच्या वाचकांचा प्रश्न बहुतेकांना लागू पडणारा असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो आणि संकलनाचे काम घरीच लॅपटॉपवर करतो. लॅपटॉपमध्ये कोअर आय३-३११०एम हा प्रोसेसर होता. लग्नसराईत व्हिडिओ तयार व्हायला फार वेळ लागू लागल्याने मी वापरलेला कोअर आय७-३६३०क्यूएम विकत घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडून बसवून घेतला. सुरुवातीची काही मिनिटे उत्तम वेग मिळतो. त्यानंतर तापमान ९६-९७ अंशांवर जाते, वेग ३.२ गिगाहर्ट्झवरून १.२ पर्यंत घसरतो, पुन्हा वर जातो आणि पुन्हा घसरतो. मे महिन्यात भर दुपारी तर लॅपटॉप आपोआप बंदही पडला. मिळालेला प्रोसेसर सदोष आहे का? तापमान खाली आणण्यासाठी काय करावे?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : प्रोसेसर सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तो स्वतःचा बचाव करत आहे, असे दिसते. या प्रोसेसरसाठी इंटेलने १०५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणतो, आणि अनेक लॅपटॉप उत्पादक आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमध्ये कायम भरलेल्या मूळ प्रणालीत, ही मर्यादा आणखी काही अंश अलीकडेच ठेवतात. १.२ गिगाहर्ट्झ हा या पिढीतील प्रोसेसरचा सर्वांत कमी वेग आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये हे चक्र अखंड चालू आहे : प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाहून तात्पुरत्या वाढीव वेगाने, धावतो, तापतो, तळाला जातो, थोडा निवतो आणि पुन्हा धावतो.

याचे मूळ उष्णतेच्या हिशेबात आहे. आय३-३११०एम हा दोन कोअरचा, २.४ गिगाहर्ट्झचा आणि टर्बो नसलेला प्रोसेसर होता. त्याच्यावर ३५ वॅटची मर्यादा लिहिलेली असली तरी रोजच्या कामात तो तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचत असे. नवा प्रोसेसर चार कोअरचा, ४५ वॅटचा आणि टर्बोमध्ये ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आहे, शिवाय व्हिडिओ तयार करताना त्याचे चारही कोअर पूर्ण भाराने चालतात. तांब्याची नळी, तिच्या टोकाच्या पत्र्या आणि पंखा मात्र आधीचेच आहेत. छप्पर वाढवले आणि पन्हळ जुनीच ठेवली, तर पाऊस जोर धरेपर्यंतच सगळे ठीक दिसते, तसे हे झाले आहे.

म्हणून मला वाटते की, तापमान किती अंशांनी कमी होईल, या प्रश्नापाशी थांबू नये. आपला हीटसिंक, म्हणजे उष्णता वाहून नेणारी ती नळी आणि पत्र्या, सलग अर्धा-पाऊण तास किती वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि तेवढ्या वॅटमध्ये जास्तीत जास्त काम कसे काढून घेता येईल, हे पाहावे. ८८ अंशांवर स्थिर राहून काम पुरे करणारा लॅपटॉप हा ७० आणि ९७ च्या दरम्यान हेलकावे खाणाऱ्या लॅपटॉपपेक्षा केव्हाही चांगला. तापमानाचा आकडा लहान दिसावा यासाठी लोक पैसे आणि वेळ खर्च करतात, आणि काम पूर्ण व्हायला लागणारा वेळ मात्र कोणी मोजत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रथम दोष नेमका कोठे आहे ते ओळखा. एचडब्ल्यूइन्फो किंवा थ्रॉटलस्टॉप यांपैकी एक प्रणाली चालू ठेवून व्हिडिओचे काम सुरू करा आणि प्रत्येक कोअरचे तापमान, वेग आणि संपूर्ण प्रोसेसर घेत असलेले वॅट पाहत राहा. भार पडल्यावर दोन-तीन सेकंदांतच तापमान नव्वदीपार गेले, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा संपर्क नीट झालेला नाही. तेच तापमान पाच-दहा मिनिटे हळूहळू चढत गेले, तर संपर्क ठीक असून उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग अपुरा किंवा तुंबलेला आहे. याची खातरजमा हाताने करता येते. प्रोसेसर ९५ अंशांवर असताना पंख्याच्या तोंडाशी तळहात धरा. बाहेर येणारा झोत जोरदार पण नुसता कोमट लागला, तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोहोचतच नाही. झोत चटका बसेल इतका गरम असला, तर हीटसिंक त्याचे काम करतो आहे आणि त्याच्याकडून यापेक्षा फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही. झोतच अगदी क्षीण असेल, तर पंख्यामागे धूळ साचली आहे. चार कोअरपैकी एकच कोअर इतरांपेक्षा बारा-पंधरा अंश अधिक तापत असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली उष्णतावाहक पेस्ट सर्वत्र सारखी पसरलेली नाही किंवा हीटसिंक एका बाजूला कललेला आहे.

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपच्या प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते. सिलिकॉनचा चकचकीत आयताकृती तुकडा उघडाच असतो आणि तांब्याचा ठोकळा थेट त्याच्यावर टेकतो. आपल्या जुन्या दोन कोअरच्या प्रोसेसरमध्ये हा तुकडा सुमारे ११८ चौरस मिलिमीटरचा होता आणि नव्यात तो सुमारे १६० चौरस मिलिमीटरचा आहे. झाकण नसल्यामुळे पेस्ट चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचलीच पाहिजे, कारण एखादा कोपरा कोरडा राहिला तर तेथली उष्णता बाजूला पसरवायला दुसरे काहीच नसते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसून काढावी, नवी पेस्ट पातळ आणि सलग लावावी आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी थोडे थोडे आवळत जावेत. बहुतेक हीटसिंकवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, तोच क्रम पाळावा. मदरबोर्डवरील इतर चिपांवर मऊ थर्मल पॅडचे तुकडे असतील, तर ते त्याच जाडीचे परत बसले पाहिजेत, कारण जाड पॅड घातल्यास हीटसिंक उचलला जाऊन प्रोसेसरपासून सुटतो. तांब्याची नळी वाकवून बसवण्याचा प्रयत्न करू नये. तिच्या आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते, ते गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि उष्णता वाहून नेते. नळी चेपली की हा प्रवाह खुंटतो.

पेस्टऐवजी दंतमंजनाची पेस्ट लावण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. ती काही दिवसांत वाळून भेगाळते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. द्रवरूप धातू लावण्याच्या फंदातही पडू नये, कारण त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरते आणि तो विजेचा वाहक असल्याने एक थेंब बाजूला सांडला तरी मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. उघड्या सिलिकॉनसाठी हनीवेल पीटीएम७९५० सारखा फेज-चेंज पॅड चांगला. तो साधारण ४५ अंशांना मऊ होतो, पृष्ठभागावर पूर्ण बसतो आणि सततच्या तापण्या-निवण्याने पेस्टप्रमाणे कडेला सरकत नाही.

लॅपटॉप उघडलाच आहे, तर पंखा आणि पत्र्या यांच्या मधली फट अवश्य पाहा. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याची तांबूस बारीक धूळ घरात येतच असते, आणि जवळपास चिरेखाण किंवा बांधकाम असेल तर विचारायलाच नको. ती कापडाच्या तंतूंमध्ये मिसळून पत्र्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा सलग थर धरते. बाहेरून पाहिले तर पत्र्या स्वच्छ दिसतात, कारण थर आतल्या बाजूला असतो. बाहेरून हवेचा झोत मारला की तोच थर सुटून पंख्यावर येतो आणि काही वेळाने परत जागेवर बसतो. म्हणून पंख्याची डबी उघडून चिमट्याने तो थर उचलून काढावा आणि मऊ ब्रशने राहिलेली धूळ झाडावी. झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

एवढे केल्यावरही वेग पडत असेल, तर टर्बो बंद करून पाहा. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की आपल्या पिढीच्या प्रोसेसरवर टर्बो बंद होतो आणि कमाल वेग २.४ गिगाहर्ट्झ राहतो. हे ऐकून आपल्याला तोटा वाटेल, पण हिशेब पाहा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. वेग ३.२ वरून २.४ वर आणला म्हणजे तो एक चतुर्थांश कमी झाला. त्यासोबत व्होल्टेज समजा १० टक्क्यांनी उतरले, तर उष्णता ०.७५ गुणिले ०.८१, म्हणजे मूळच्या सुमारे ६१ टक्के उरते. एक चतुर्थांश वेग सोडून सुमारे चाळीस टक्के उष्णता वाचली, आणि सलग २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे चार कोअर हे ३.२ आणि १.२ यांमध्ये झोके घेणाऱ्या चार कोअरपेक्षा बहुधा लवकर काम उरकतात. आपला नेहमीचा एखादा व्हिडिओ दोन्ही पद्धतींनी तयार करून घड्याळ लावून पाहा. जी पद्धत लवकर संपते ती ठेवा, तापमानाचा आकडा काहीही असो. ऐन उन्हाळ्यात गरज पडली तर ही पातळी ८५ टक्क्यांवर आणावी, तेव्हा वेग २ गिगाहर्ट्झच्या आसपास राहील.

आपल्या व्यवसायाला उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट या प्रोसेसरमध्ये आहे. त्यात क्विक सिंक नावाचा व्हिडिओ तयार करणारा स्वतंत्र भाग आहे. आपल्या संकलन प्रणालीत हार्डवेअर एन्कोडिंग निवडले, तर एच.२६४ व्हिडिओचे बरेचसे ओझे कोअरवरून उतरते आणि उष्णता लक्षणीय कमी होते. तितक्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्राचा दर्जा किंचित कमी मिळतो, म्हणून यजमानांना पाहण्यासाठी पाठवायच्या कच्च्या प्रतीला ही पद्धत वापरावी आणि अंतिम प्रत रात्री, हवा निवल्यावर, नेहमीच्या पद्धतीने काढावी.

दुपारी लॅपटॉप बंद पडतो, त्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ अंशाला अंश चढते. डिसेंबरच्या पहाटे २० अंशांत ८० दाखवणारा लॅपटॉप मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खाली ३५ अंशांत ९५ दाखवणारच. वेग तळाला आणूनही तापमान आवरत नसेल तेव्हाच लॅपटॉप स्वतःला बंद करतो, आणि तसे होण्यामागे बहुधा संपर्काचा दोष किंवा तुंबलेला पंखा असतो. दुसरी शक्यता अ‍ॅडाप्टरची आहे. लॅपटॉप मुळात ६५ वॅटच्या अ‍ॅडाप्टरसह आला असेल, तर चार कोअर, पडदा आणि चार्ज होणारी बॅटरी यांचा एकत्रित भार त्याला झेपत नाही. आपल्याच लॅपटॉपच्या मालिकेत चार कोअरचा प्रोसेसर कंपनीने दिला असेल, तर त्यासोबत ९० वॅटचा अ‍ॅडाप्टर आणि बहुधा वेगळा, जाड हीटसिंकही दिलेला असतो. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्ही हीटसिंकचे भाग क्रमांक सापडतात, आणि बसणी सारखी असेल तर तो हीटसिंक घेणे हाच सर्वांत चांगला खर्च आहे.

तो मिळाला नाही, तर प्रोसेसर बदलून आय७-३६३२क्यूएम घेण्याचा विचार करावा. तोही चार कोअरचा आणि टर्बोमध्ये ३.२ गिगाहर्ट्झचा आहे, पण त्याची मर्यादा ३५ वॅटची, म्हणजे आपल्या मूळ प्रोसेसरइतकीच आहे. घेताना तो पिनांचा, सॉकेटमध्ये बसणारा आहे याची खात्री करा, कारण हाच प्रोसेसर मदरबोर्डवर डाखलेल्या स्वरूपातही निघालेला आहे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पर्यटकांच्या खोल्यांचे आरक्षण आणि हिशेब मी लॅपटॉपवर करते. मुलाने गेल्या वर्षी प्रोसेसर बदलून दिल्यापासून पंखा मोठ्याने वाजतो. दमट हवेमुळे लॅपटॉप जास्त तापतो, असे सगळे सांगतात. मग तो वातानुकूलित खोलीत ठेवावा का? खाली लावायचा पंख्याचा स्टँड घ्यावा का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दमटपणाचा त्रास आपल्याला होतो तो घाम सुकत नाही म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही, त्यामुळे दमट हवा आणि तितक्याच तापमानाची कोरडी हवा यांनी तो जवळजवळ सारखाच निवतो. दमटपणाने होणारे नुकसान वेगळे आणि संथ असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण आत बसतात, आणि हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः हवेतले पाणी शोषून ओले होते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस त्याहून वरच असते. हा खारट ओलावा तांब्याची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या यांच्या जोडावर सर्वांत लवकर काम करतो, कारण दोन वेगळ्या धातूंमध्ये खारे पाणी आले की गंज वेगाने चढतो. मागच्या जाळीतून विजेरीचा प्रकाश टाकून पाहा. नळीवर हिरवट थर आणि पत्र्यांवर पांढरी पूड दिसली, तर त्या हीटसिंकची उष्णता टाकण्याची ताकद कमी झालेली आहे आणि तो बदलणेच इष्ट. पत्र्या काळसर पण गुळगुळीत असतील, तर चिंतेचे कारण नाही.

पंख्याचा आवाज घरघरीचा असेल, तर बेअरिंग झिजले आहे, आणि नुसता वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाज मोठा झाला असेल, तर पंखा अधिक वेगाने फिरतो आहे, एवढेच. पंख्याच्या वेगाचे कोष्टक फर्मवेअरमध्ये असते आणि ते मूळच्या प्रोसेसरसाठी बेतलेले असते, त्यामुळे नवा प्रोसेसर बसवल्यावर पंखा वरच्या पायरीवर अधिक वेळ राहणे स्वाभाविक आहे. हिशेब आणि आरक्षणाच्या कामाला टर्बोची गरज नाही. वर सांगितल्याप्रमाणे ९९ टक्क्यांची मर्यादा घालून ठेवलीत, तर आवाज बराच उतरेल आणि कामात फरक जाणवणार नाही.

वातानुकूलित खोलीत काम करायला हरकत नाही, पण तेथे थंड झालेला लॅपटॉप एकदम बाहेर पडवीत आणून उघडू नका. थंडगार पृष्ठभागावर दमट हवा लागली की आत बारीक दव धरते. बाहेर आणल्यावर तो पिशवीतच अर्धा-एक तास राहू द्यावा, तो खोलीच्या तापमानाला आला की सुरू करावा. पावसाळ्यात लॅपटॉप कित्येक दिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा, कारण आतली ऊब ओलावा घालवते. कापडी पिशवीत कोंडून ठेवायचाच असेल, तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या मधूनमधून वाळवाव्यात.

पंख्याच्या स्टँडबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. लॅपटॉपच्या खाली हवा घेणारी जाळी नेमकी कोठे आहे यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो, आणि किनाऱ्यावर तो जास्त हवेसोबत जास्त मीठही आत ढकलतो. मागची बाजू बोटभर उंच करणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, तरी खालून हवा मोकळी मिळते. मांडीवर, गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये आय५-४२००एम काढून आय७-४७०२एमक्यू बसवला. दोन्ही ३७ वॅटचेच असूनही नवा प्रोसेसर अधिक तापतो. मित्राच्या सांगण्यावरून मी थ्रॉटलस्टॉपमध्ये व्होल्टेज कमी करून पाहण्याचा विचार करतो आहे. मित्राच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपवर मात्र ही सोय बंद दिसते. माझ्याकडे ती सुरक्षित आहे का, आणि किती कमी करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्याकडे ही सोय असण्याचे कारण असे की, 2013 साली आलेल्या चौथ्या पिढीत, म्हणजे हॅसवेलमध्ये, इंटेलने व्होल्टेज नियंत्रक प्रोसेसरच्या आतच आणला आणि त्याची सेटिंग्ज सॉफ्टवेअरमधून बदलता येऊ लागली. त्याआधीच्या पिढीत ती सोय नाही, त्यामुळे वर ज्या गुहागरच्या वाचकांना उत्तर दिले आहे त्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. आपल्या मित्राच्या लॅपटॉपवर ती बंद असण्याला डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालेली प्लंडरव्होल्ट ही त्रुटी कारणीभूत असावी. व्होल्टेज मुद्दाम खाली आणून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातील गणितात चुका घडवता येतात, असे संशोधकांनी दाखवून दिल्यावर सहाव्या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या लॅपटॉपसाठी बायोसची, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ फर्मवेअरची, अद्ययावत आवृत्ती देऊन अनेक कंपन्यांनी हे नियंत्रण कुलूपबंद केले. मित्राने जुनी बायोस शोधून बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

व्होल्टेज कमी केल्याने प्रोसेसर जळत नाही. होते ते एवढेच की, प्रमाणाबाहेर कमी केल्यास गणित चुकते, पडदा गोठतो किंवा लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. अर्थात त्या क्षणी उघडी असलेली फाइल बिघडू शकते, म्हणून प्रकल्पाचे काम चालू असताना प्रयोग करू नका. कोअर आणि कॅशे (प्रोसेसरमधील जलद स्मृती) या दोन्हींचे व्होल्टेज सारख्याच प्रमाणात उतरवा. सुरुवात ३० मिलिव्होल्टने करावी आणि त्यानंतर दहा-दहा मिलिव्होल्टने पुढे जावे. प्रत्येक पायरीवर अर्धा तास पूर्ण भार द्यावा आणि नंतर लॅपटॉप नुसता पडून असतानाही निरीक्षण करावे, कारण अपुऱ्या व्होल्टेजचा दोष अनेकदा भार उतरतानाच प्रकट होतो. पहिली गडबड दिसली की तेथून २० मिलिव्होल्ट मागे यावे आणि तेथेच थांबावे. मित्राला किती मिळाले याला अर्थ नाही. एकाच क्रमांकाच्या दोन प्रोसेसरांची मजल वेगळी असते. थ्रॉटलस्टॉप विंडोजबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आठवडाभर सुरळीत चालल्यावरच करावी, म्हणजे तोपर्यंत काही बिघडले तरी बंद करून सुरू करताच मूळ सेटिंग्ज परत येतात.

वॅट सारखेच असताना नवा प्रोसेसर अधिक का तापतो, असे आपण विचारले आहे. ३७ वॅट हा दीर्घकाळचा सरासरी आकडा आहे, आणि टर्बोमध्ये काही सेकंद प्रोसेसर त्याच्या वर जाऊ शकतो. दोन कोअरचा आय५ पूर्ण भारालाही आपली मर्यादा क्वचितच गाठतो, चार कोअरचा आय७ ती लगेच गाठतो आणि तेथेच राहतो. आपला हीटसिंक ३७ वॅटसाठीच बनलेला असल्याने तो हे सोसू शकतो. पूर्ण भाराला तापमान ९० च्या आत स्थिर राहत असेल, तर काही करण्याची गरज नाही.

प्रश्न : आय५-२४१०एम काढून आय७-२६७०क्यूएम बसवल्यापासून माझा लॅपटॉप आधीपेक्षाही संथ झाला आहे. तापमान ५० अंशांच्या वर जात नाही, तरी वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या पुढे सरकत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त होतो. त्याचा हा परिणाम असेल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : विजेच्या दाबाचा येथे संबंध नसावा. बहुतेक सर्व लॅपटॉपचे अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब घेऊन तेच ठरलेले व्होल्टेज देतात. थंड असताना वेग तळाला अडकून राहणे ही एक नेमकी खूण आहे : प्रोसेसरला बाहेरून कोणीतरी थांबायला सांगते आहे. ‘तापलो आहे’ असा इशारा देणाऱ्या वाहिनीचा उपयोग प्रोसेसरखेरीज मदरबोर्डवरील इतर भागही करतात, आणि त्यांपैकी एकाने इशारा दिला की प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झवर उतरतो.

पहिला संशय अ‍ॅडाप्टरवर घ्या. काही कंपन्यांच्या अ‍ॅडाप्टरच्या टोकाला मध्यभागी एक बारीक पिन असते, तिच्यावरून लॅपटॉप अ‍ॅडाप्टर किती वॅटचा आहे हे ओळखतो. ती पिन वाकली किंवा तुटली असेल, किंवा अ‍ॅडाप्टर नकली असेल, तर लॅपटॉप त्याला ओळखत नाही आणि खबरदारी म्हणून वेग अडवून ठेवतो. लॅपटॉप सुरू होताना तशी सूचना पडद्यावर येते, ती लोक एंटर दाबून पुढे घालवतात. बॅटरी काढून ठेवली असेल, तर ती बसवून पाहा, कारण बॅटरीशिवाय वेग मर्यादित करणारे लॅपटॉपही आहेत. त्यानंतर अ‍ॅडाप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून पाहा. वेग वाढला, तर दोष अ‍ॅडाप्टरचाच.

दोन्ही करून फरक पडला नाही, तर मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा नियंत्रक तापत असण्याची शक्यता आहे, कारण तो दोन कोअरच्या ३५ वॅटसाठी बेतलेला आहे आणि आता त्याच्याकडून चार कोअरच्या ४५ वॅटची मागणी होते. थ्रॉटलस्टॉपमध्ये हा बाहेरचा इशारा ऐकण्याची खूण, बीडी प्रोकहॉट, आहे. ती काढून टाकली की वेग लगेच परत येतो, आणि म्हणूनच अनेकजण ती कायमची काढून ठेवतात. तपासणीपुरती काही मिनिटे ती काढावी, कारण तिने रोग कळतो. कायम काढून ठेवू नये, कारण नियंत्रक खरोखर तापत असेल तर त्याचा एकमेव बचाव आपण बंद केलेला असतो, आणि तो जळाला तर त्याच्यासोबत मदरबोर्डही जातो. प्रोसेसर बसवण्यापूर्वी बायोस अद्ययावत केली नसेल, तर तेही पाहून घ्या. नव्या प्रोसेसरची ओळख नसलेली बायोस त्याला नीट हाताळत नाही.

प्रश्न : माझ्याकडे आय५-८२५०यू असलेला लॅपटॉप आहे. त्यात आय७ बसवता येईल का? तापमान वाढेल का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : बसवता येणार नाही. क्रमांकाच्या शेवटी यू असलेले प्रोसेसर मदरबोर्डवर डाखलेले असतात, आणि पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपचे जवळजवळ सगळेच प्रोसेसर तसे आहेत. काढून दुसरा बसवता येण्याची सोय चौथ्या पिढीच्या एम आणि एमक्यू प्रोसेसरांबरोबर संपली. आपला प्रोसेसर मुळातच चार कोअरचा असून १५ वॅटसाठी बांधलेला आहे. तो संथ वाटत असेल, तर हार्ड डिस्क असल्यास तिच्या जागी एसएसडी बसवा, रॅम चार जीबी असेल तर ती आठ किंवा सोळा करा, आणि पंख्यामागची धूळ काढून नवी पेस्ट लावून घ्या. इतके झाल्यावर व्हिडिओसारखे जड काम चालू करून दहा मिनिटांनंतरचा वेग पाहा. तो १.६ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे या प्रोसेसरच्या मूळ वेगाच्या, वर टिकून असेल, तर लॅपटॉप ठणठणीत आहे.